समुद्रावरची हवा आणि लेसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात समुद्र नाही, पण ज्या गावात कुणी फौजेत नाही असं गाव सापडणंही अवघड. सैनिक स्कूल १९६१ पासून इथेच आहे, आणि लष्कराच्या जोडीने नौदलात गेलेली मुलंही कमी नाहीत. त्यामुळे लेसरने ड्रोन पाडल्याची बातमी आली की कॉलेजात आणि बाहेरही प्रश्न सुरू होतात. निवृत्त नौसैनिकांचे, अकरावी-बारावीच्या मुलांचे, कधी त्यांच्या आई-वडिलांचे. मी प्रकाशिकी शिकवतो, म्हणून ते माझ्याकडे येतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्या गोंधळाच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. लेसरच्या झोताचं नुकसान हवा तीन वेगवेगळ्या मार्गांनी करते, त्यातल्या एकाच मार्गावर आकार बदलणाऱ्या आरशांचा इलाज नीट चालतो, आणि बातम्यांमध्ये या तिन्हींची खिचडी झालेली असते.

लेसर तर सरळ रेषेत जातो. हवा त्याचं काय वाकडं करणार?

करते, आणि ते वर्गात दाखवता येतं. प्रयोगशाळेतला लाल हेलियम-निऑन लेसर टेबलावर ठेवायचा आणि त्याचा ठिपका समोरच्या भिंतीवर पाडायचा. लेसर आणि भिंत यांच्यात आठ-दहा मीटर अंतर मिळालं तर उत्तम. मग वाटेत, झोताच्या बरोबर खाली, विजेची शेगडी लावायची. शेगडी लाल होऊ लागली की भिंतीवरचा ठिपका थरथरतो, लांबट होतो, मधूनच फुटून त्याचे दोन-तीन तुकडे होतात. मात्र प्रकाश कुठे गेलेला नसतो. तो सगळा भिंतीवरच असतो, फक्त जागेवर नसतो. होळीच्या ज्वाळांपलीकडची माणसं हलताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

आता शेगडी बंद करायची, हवा निवू द्यायची आणि त्याच जागी उकळत्या पाण्याची किटली ठेवायची. वाफ झोतात शिरली की ठिपका जवळपास जागेवरच राहतो, पण मंद होतो. त्याच वेळी, आतापर्यंत न दिसणारी झोताची लाल रेघ हवेत उमटते. ती रेघ आपल्याला दिसते याचाच अर्थ तेवढा प्रकाश भिंतीकडे न जाता बाजूला आपल्या डोळ्यांकडे आला. मुलांना रेघ आवडते. त्यांना सांगावं लागतं की दिसतोय तो तोटा आहे.

शेगडीने केली ती हवेची खळबळ. वाफेच्या थेंबांनी केलं ते विकिरण, म्हणजे प्रकाश बाजूला विखुरणं. तिसरा प्रकार वर्गात दाखवता येत नाही, कारण वर्गातला लेसर एक-दोन मिलिवॉटचा असतो. तो म्हणजे शोषण : हवेतले रेणू आणि कण थोडी ऊर्जा गिळतात आणि गरम होतात. मिलिवॉटला ते जाणवत नाही. किलोवॉटला मात्र तेच सगळ्यात जास्त छळतं, त्याबद्दल पुढे.

समुद्रावर पाण्याची वाफ भरपूर. म्हणजे सगळा दोष दमटपणाचाच ना?

अर्धाच. पाण्याची वाफ सगळ्या रंगांचा प्रकाश सारखा शोषत नाही. अवरक्त पट्ट्यात काही तरंगलांबींना हवा जवळजवळ बंद दरवाजा असते आणि काहींना उघडी खिडकी. म्हणून सागरी लेसरच्या बाबतीत पहिला प्रश्न किती ताकद हा नसून कोणती तरंगलांबी हा असतो.

१०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्बन डायऑक्साइड लेसर कारखान्यात उत्तम चालतो, पण दमट हवेत दूर जाताना त्याची बरीच ऊर्जा वाफ खाते. १९८० च्या सुमाराला अमेरिकेने मोठा रासायनिक लेसर उभा केला तो ड्युटेरियम (म्हणजे जड हायड्रोजन) फ्लोराइडचा, ३.८ मायक्रॉनच्या आसपासचा, कारण त्या खिडकीत हवा बरीच स्वच्छ आहे. साध्या हायड्रोजनचा फ्लोराइड लेसर २.७ ते २.९ मायक्रॉनला प्रकाश देतो आणि तिथे पाण्याची वाफ तो गिळून टाकते. म्हणून महागडं ड्युटेरियम वापरायचं. आज जहाजावर बसतात ते बहुतेक फायबर लेसर, १.०६ ते १.०८ मायक्रॉनचे. आपल्या एमआयडीसीत पत्रा कापणाऱ्या मशीनमध्ये असतो त्याच जातीचे. २०१४ साली 'यूएसएस पॉन्स' या जहाजावर पर्शियन आखातात जो ३० किलोवॉटचा लेसर बसवला, त्यात वेल्डिंगसाठी बनवलेल्या सहा फायबर लेसरचे झोत एकत्र केले होते.

खाऱ्या वाऱ्यातलं मीठ खरंच एवढं त्रास देतं?

देतं, आणि त्याची चर्चा होते त्यापेक्षा जास्त.

लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे बुडबुडे कोंडले जातात. ते वर येऊन फुटले की बारीक तुषार उडतात, त्यातलं पाणी उडून जातं आणि मिठाचा कण हवेत तरंगत राहतो. वारा वाढला की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. सेकंदाला १० मीटर वाऱ्याला समुद्राचा सुमारे १ टक्का पृष्ठभाग पांढऱ्या फेसाने झाकलेला असतो, आणि हे प्रमाण वाऱ्याच्या वेगाच्या तिसऱ्या घातापेक्षाही वेगाने वाढतं. वारा दुप्पट झाला की फेस साधारण दहापट.

यात दमटपणा दुसऱ्या दाराने आत येतो. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कोरडा कण हवेतलं पाणी ओढून थेंब होतो आणि आर्द्रता ९०-९५ च्या पुढे सरकली की फुगत जातो. म्हणजे वाफ स्वतः लेसर शोषत नसेल तेव्हाही ती कणांना मोठं करून लेसर बाजूला फेकते. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीचं जे होतं तेच अरबी समुद्रावर वर्षभर चाललेलं असतं.

आकड्यात पाहू. दृश्यमानता १० किलोमीटर आहे, म्हणजे नाविकाच्या दृष्टीने दिवस ठीकठाक आहे. अशा हवेत ५ किलोमीटर गेल्यावर हिरव्या प्रकाशातला फक्त १४ टक्के शिल्लक राहतो. १.०७ मायक्रॉनला नेहमीच्या ढोबळ सूत्राने ४४ टक्के उरायला हवा. पण ते सूत्र बारीक कणांच्या धुरकट हवेवर बेतलेलं आहे. समुद्रावरचे फुगलेले कण तरंगलांबीइतके किंवा त्याहून मोठे असतात, आणि अशा कणांपुढे लांब तरंगलांबीचा फायदा घटतो. जमिनीवर मोजून समुद्रावरचा अंदाज बांधणाऱ्यांची गफलत इथे होते.

हे मीठ किनाऱ्यावर थांबत नाही. नैऋत्य मोसमी वारे ते सह्याद्रीवर आणतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी उंचावरची प्रयोगशाळा सुरू केली. ढगाचे थेंब ज्या सूक्ष्म कणांवर बनतात त्या कणांचं मोजमाप तिथे होतं, आणि पावसाळ्यात त्यात समुद्री मिठाचा वाटा असतो. सातारकरांनी समुद्र पाहायला दापोलीला जावं, पण त्याचा थोडा भाग दर जूनमध्ये आपणहून वर येतो.

तापलेल्या जमिनीपेक्षा पाण्यावरची हवा शांत असते. मग लेसरला समुद्र बराच नाही का?

खळबळीपुरतं बोलायचं तर बरोबर आहे. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली आहे ती याच कारणाने. भर दुपारी जमीन तापून हवेचे लोट उठतात, पाणी तेवढं तापत नाही, म्हणून सूर्याचं चित्र स्थिर मिळतं. दुपारच्या तापलेल्या माळरानाच्या तुलनेत खुल्या समुद्रालगतची खळबळ अनेकदा दहापट किंवा त्याहून कमी असते.

पण वेधशाळा वर बघते आणि जहाज आडवं बघतं. वरच्या दिशेने गेलेला झोत थोड्याच अंतरात पातळ, शांत हवेत पोहोचतो. जहाजावरून समुद्राला चिकटून येणाऱ्या लक्ष्याकडे सोडलेला झोत सगळं अंतर पाण्यावरच्या पहिल्या दहा-वीस मीटरच्या थरातून कापतो. तिथेच हवा आणि पाणी यांच्यात उष्णतेची आणि वाफेची देवघेव चालू असते.

ही खळबळ सगळ्यात जास्त कशावर ठरते? हवेचं तापमान उणे पाण्याचं तापमान, या एका फरकावर. फरक शून्याजवळ असेल तेव्हा खळबळ कमीत कमी. दोन्हीकडे फरक वाढला की ती वाढते. कोकण किनाऱ्यापुरता विचार केला तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे मतलई वारे जमिनीवरची गार, कोरडी हवा कोमट समुद्रावर नेतात. खालून तापलेली हवा वर उसळते आणि ठिपका नाचतो. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होतं : जमिनीवरून गेलेली तापलेली हवा त्या मानाने गार पाण्यावर पसरते, थर स्थिर होतात, आणि नाचण्यापेक्षा झोत वाकण्याचा धोका वाढतो. पावसाळ्यात आर्द्रता, तुषार आणि सरींपुढे खळबळीचा हिशोब करण्यात फारसा अर्थ उरत नाही. ऋतू बदलला की गुन्हेगार बदलतो, आणि म्हणून "समुद्रावर लेसर किती किलोमीटर चालतो" या प्रश्नाला एक आकडा देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

एवढासा तापमानाचा फरक, त्याने काय होणार?

१ अंश सेल्सिअसने हवेचा अपवर्तनांक दशलक्षात साधारण एक भाग बदलतो. ऐकायला नगण्य. पण एक मीटर लांबीच्या हवेच्या गोळ्यात आजूबाजूपेक्षा ०.१ अंशाचा फरक असला, तर त्यातून गेलेला तरंग शेजारच्या तरंगापेक्षा सुमारे ०.१ मायक्रॉन पुढे-मागे होतो, म्हणजे तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढा. पाच किलोमीटरच्या वाटेत असे लहानमोठे हजारो गोळे असतात. सपाट निघालेलं तरंगाग्र, म्हणजे तरंगाची पुढची कड, पोहोचेपर्यंत चुरगळलेलं असतं.

हे चुरगळणं मोजायला डेव्हिड फ्रीड यांनी १९६६ साली एक लांबी सुचवली. ती फ्रीडची लांबी म्हणून ओळखली जाते. ढोबळपणे, तेवढ्या व्यासात तरंगाग्र अजून सपाट मानता येतं. समजा झोत सोडणारा आरसा ३० सेंटीमीटरचा आहे आणि त्या दिवशी ही लांबी ५ सेंटीमीटर आहे. मग लक्ष्यावरचा ठिपका आदर्श ठिपक्याच्या सहापट रुंद होतो, आणि क्षेत्रफळ छत्तीसपट. लक्ष्यावर एकाच जागी पडणारी तीव्रता छत्तिसाव्या भागावर येते. ३० किलोवॉटचा लेसर अशा हवेत एका किलोवॉटपेक्षा कमी ताकदीच्या लेसरसारखा वागतो, तेही मिठाने आणि वाफेने आपापला वाटा घेण्याआधी.

अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणजे नेमकं काय?

सुरुवातीला म्हटलेला आरशांचा इलाज तो हाच : चुरगळलेल्या तरंगाग्राला बरोबर उलटं चुरगळून सरळ करणं. क्षणोक्षणी नंबर बदलणाऱ्या डोळ्याला सेकंदाला हजार वेळा नवा चष्मा चढवावा, तसं. कल्पना खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली मांडली, पण त्या काळी तेवढा वेगवान गणक नव्हता.

त्याचे तीन भाग असतात. पहिला, तरंगाग्र मोजणारा सेन्सर. बहुतेक ठिकाणी तो शॅक-हार्टमन प्रकारचा असतो : बारीक भिंगांची जाळी, प्रत्येक भिंगामागे एक ठिपका. ठिपका मधल्या जागेवरून जेवढा सरकला तेवढा तिथला तरंग कललेला. दुसरा, मागून दट्टे लावलेला लवचीक आरसा. दट्टे आरशाचा पृष्ठभाग काही मायक्रॉन पुढे-मागे ढकलतात. तिसरा, सेन्सरच्या आकड्यांवरून दट्ट्यांना हुकूम देणारा गणक. मोज, हिशोब कर, ढकल, पुन्हा मोज. हे चक्र हवा बदलण्याआधी पूर्ण झालं पाहिजे.

मोजायला एक उजेड लागतो. दुर्बिणीला जवळपास ठळक तारा नसेल तर लेसरने आकाशात खोटा तारा तयार करतात, एकतर सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरात किंवा खालच्या हवेतल्या विकिरणातून. अमेरिकेत हे काम संरक्षण खात्याच्या गुप्त कपाटात होतं आणि १९९१ साली उघड झालं. दरम्यान फ्रान्सच्या फॉय आणि लाबेरी यांनी १९८५ साली तीच कल्पना स्वतंत्रपणे छापलीही होती. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर त्यांनी रोबो-एओ नावाची यंत्रणा केली, तीत ३५५ नॅनोमीटरच्या अतिनील लेसरचा खोटा तारा वापरला.

दुर्बिणीला जमलं, मग जहाजाला का अवघड जातं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर लांब आहे.

दुर्बिणीच्या बाबतीत त्रासदायक हवेचा मोठा भाग दुर्बिणीच्या डोक्यावरच असतो. तरंग तिथे चुरगळतो आणि लगेच सेन्सरवर येतो, म्हणून चुरगळ फक्त आकारात असते. प्रकाशाची तीव्रता आरशावर जवळपास सारखीच राहते. समुद्रावर आडव्या वाटेत खळबळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पसरलेली असते. दूरवर चुरगळलेला तरंग पुढे जाताजाता स्वतःवरच पडतो आणि कुठे दुप्पट उजेड तर कुठे पूर्ण अंधार असे चट्टे तयार होतात. तारा लुकलुकतो ते हेच, पण किती तरी जास्त. अंधाराच्या बिंदूंपाशी तरंगाची कला (तो चढावर आहे की उतारावर) मोजता येत नाही, कारण मोजायला प्रकाशच नसतो. त्या बिंदूभोवती कला मळसूत्रासारखी फिरते आणि सलग लवचीक आरसा तो आकार धरूच शकत नाही. नेहमीचा शॅक-हार्टमन हिशोब अशा जागी चुकीचं उत्तर देतो.

दुसरी अडचण खोट्या ताऱ्याची. लक्ष्य समोर क्षितिजाजवळ आहे, तिथे सोडियमचा थर काय कामाचा? मग लक्ष्यावरून परत येणाऱ्या प्रकाशावरच भागवावं लागतं. पण ते लक्ष्य बिंदू नसून खडबडीत, गोल, फिरता पत्रा असतो. त्यावरून आलेल्या प्रकाशातली चुरगळ हवेची किती आणि पत्र्याची किती हे वेगळं काढावं लागतं.

तिसरी अडचण वेगाची. फ्रीडची लांबी ५ सेंटीमीटर आणि वारा सेकंदाला १० मीटर असेल, तर हवेचं चित्र सेकंदाला शंभरेक वेळा बदलतं असं धरा. ते नीट पकडायला चक्र त्याच्या दहापट वेगाने, म्हणजे हजाराच्या आसपास फिरलं पाहिजे. आडवं पळणाऱ्या लक्ष्यामागे झोत फिरवला की तो नवनव्या हवेतून जातो आणि वारा सोसाट्याचा झाल्यासारखा परिणाम होतो. शिवाय ५ किलोमीटरवर सेकंदाला ३०० मीटरने जाणारी वस्तू, प्रकाश तिथून येऊन परत जाईपर्यंत सुमारे १ सेंटीमीटर पुढे गेलेली असते. मोजलेली हवा आणि वापरलेली हवा एकच राहत नाही.

म्हणून काही जण सेन्सरच काढून टाकतात. आरशाच्या सगळ्या दट्ट्यांना एकदम थोडे यादृच्छिक धक्के द्यायचे, लक्ष्यावरचा ठिपका उजळला तर त्याच दिशेने पुढे जायचं, मंदावला तर उलट. खळबळ जोरात असताना हा मार्ग तग धरतो, कारण त्याला तरंगाचा आकार माहीत असायची गरजच नाही. मात्र दट्टे वाढले की उत्तरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि हवा तोवर थांबत नाही.

यात एक चांगली बातमीही आहे. झोत लक्ष्यावर एकवटायचा असेल तर आपल्या आरशाजवळची खळबळ जास्त नडते, लक्ष्याजवळची कमी. म्हणजे जहाजावर लेसर उंच आणि धुराड्याच्या लोटापासून, तापलेल्या डेकपासून दूर बसवला तर बराचसा त्रास आधीच टळतो. जागा नीट निवडणं हे शंभर दट्ट्यांच्या आरशापेक्षा स्वस्त आहे, पण जहाजावर मोक्याची उंच जागा आधीच रडारने घेतलेली असते.

हे सगळं ठीक. पण ताकदच दुप्पट केली तर हवेला कोण विचारतो?

हवाच विचारते. झोताच्या वाटेतली हवा थोडी ऊर्जा शोषते, गरम होते, विरळ होते, आणि झोताच्या मध्यभागी अपवर्तनांक कमी होतो. परिणामी हवेचंच एक अंतर्वक्र भिंग तयार होतं आणि झोत पसरतो. याला थर्मल ब्लूमिंग म्हणतात. इथे लेसर स्वतःच्या वाटेत स्वतःच अडथळा निर्माण करतो.

त्यामुळे एका मर्यादेनंतर ताकद वाढवली की लक्ष्यावरची तीव्रता वाढण्याऐवजी कमी होते. प्रत्येक हवेला, प्रत्येक वाऱ्याला, प्रत्येक अंतराला एक सर्वोत्तम ताकद असते आणि तिच्यापुढे जास्तीचे किलोवॉट फक्त हवा तापवतात. मेगावॉटच्या गोष्टी करणाऱ्या लेखांत हे वाक्य मला क्वचितच दिसतं.

इथे वारा मित्र असतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या, आणि तसाच आडवा वारा झोतातली तापलेली हवा उडवून ताजी आणतो. ३० सेंटीमीटरचा झोत आणि सेकंदाला ५ मीटर वारा असला तर ०.०६ सेकंदात हवा बदलते. अशा वेळी ठिपका वारा येतो त्या बाजूकडे सरकतो आणि त्याला चंद्रकोरीसारखा आकार येतो. पण क्षेपणास्त्र सरळ जहाजावरच येत असेल तर झोत फिरवावा लागत नाही. त्याच वेळी वाराही झोताच्या रेषेतच असला तर तीच हवा तापत राहते. सगळ्यात धोकादायक प्रसंग आणि लेसरची सगळ्यात वाईट परिस्थिती असे हे दोन्ही योग एकत्र येतात. वारा फार वाढला तर लाटांचा फेस आणि मीठ वाढतं, हे वर आलंच आहे.

आणि आरसा इथे काही अंशीच मदत करतो. काही वेळा नुकसानही करतो. आरसा जिथे झोत एकवटवतो तिथली हवा आणखी तापते, ती पाहून आरसा आणखी एकवटवतो, आणि चक्र हाताबाहेर जातं.

धुकं आणि पाऊस?

पसरणी घाटात पावसाळ्यात गाडी चालवली असेल तर उत्तर माहीत आहे. दृश्यमानता २०० मीटर असेल तर एक किलोमीटर गेल्यावर प्रकाशाच्या अब्ज भागांतले तीनच उरतात. धुक्याचे थेंब तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, म्हणून दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात रंग बदलूनही काही साधत नाही. आरशाचा तर संबंधच नाही : हरवलेला प्रकाश आरसा परत आणू शकत नाही. तिथे तोफ किंवा क्षेपणास्त्रच.

मृगजळाचा लेसरवर परिणाम होतो का?

होतो. गार पाण्यावर गरम हवा असली की झोत खाली, पाण्याकडे वाकतो, उलट असेल तर वर. पण नेम धरणारा कॅमेरा त्याच हवेतून, त्याच वाकलेल्या वाटेने बघत असतो, म्हणून बराचसा दोष आपोआप वजा होतो. रडारने दिलेल्या दिशेवर डोळे झाकून लेसर सोडला तरच घोळ, कारण रेडिओलहरी वाफेमुळे वेगळ्या प्रमाणात वाकतात.

आम्ही जहाजावर होतो. इंजिनाचा हादरा आणि समुद्राचं हेलकावणं, त्याचं काय?

नौदलातून निवृत्त झालेले काका लोक हे पहिल्यांदा विचारतात, आणि ते बरोबर आहे. जहाजाचं डोलणं मोठं पण संथ असतं. जायरो आणि फिरत्या बैठकीने ते सांभाळता येतं. इंजिनाचा बारीक हादरा जास्त वैताग देतो, त्यासाठी झटपट हलणारा लहान आरसा वेगळा लावतात. २०११ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर, हेलकावणाऱ्या जहाजावरून १५ किलोवॉटच्या लेसरने एका लहान बोटीच्या इंजिनाला आग लावून दाखवली होती. तेव्हा हा प्रश्न सुटण्यासारखा आहे हे सिद्ध झालं.

काचेवर बसणारं मीठ मात्र साधं वाटतं आणि साधं नाही. किलोवॉटचा झोत ज्या खिडकीतून बाहेर पडतो तिच्यावर मिठाचा एक डाग असला तरी तो तापतो, आणि काचेवरचा लेप तिथे जळू शकतो. म्हणून वापर नसताना झाकण, वापर असताना कोरड्या हवेचा झोत, आणि गोड्या पाण्याने धुणं. ज्यांनी जहाजावर डेक धुतले आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

भारताकडे असा लेसर आहे का?

जमिनीवरचा आहे. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने कर्नूलच्या खुल्या चाचणी क्षेत्रात वाहनावर बसवलेल्या ३० किलोवॉटच्या यंत्रणेने ड्रोन पाडून दाखवलं. काम मुख्यतः हैदराबादच्या 'चेस' या प्रयोगशाळेचं. अभिमान वाटावा असंच ते आहे. फक्त एक लक्षात घ्या : कर्नूलची हवा दख्खनच्या पठाराची, तुलनेने कोरडी. तिथे मिळालेला पल्ला जसाच्या तसा रत्नागिरीसमोरच्या समुद्रावर मिळेल असं गृहीत धरू नये. तिथे खळबळ जास्त, इथे मीठ आणि वाफ जास्त. परीक्षा वेगळी आहे.

गणपतीच्या मिरवणुकीतला लेसर आणि हा, एकच का?

जात एक, ताकद वेगळी. पण डोळ्याला मिरवणुकीतलाही पुरेसा आहे. अलीकडच्या वर्षांत कोल्हापूर-पुण्याकडे अशा दिव्यांनी डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याची प्रकरणं समोर आली आहेत. एक मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त लेसर तर आणखी घातक, कारण तो दिसत नाही, पापणी मिटत नाही आणि डोळ्याचं भिंग त्याला थेट पडद्यावर एकवटतं. कायमचं अंधत्व आणण्यासाठीच बनवलेल्या लेसर शस्त्रांवर १९९५ च्या आंतरराष्ट्रीय करारपत्राने बंदी आहे.

बारावीच्या प्रकल्पासाठी यातलं काय करता येईल?

लेसर नको. टॉर्च घ्या. कास तलाव किंवा वेण्णा तलावाच्या एका काठावर एक छोटा एलईडी दिवा, दुसऱ्या काठावर तिवईवर मोबाइल. संध्याकाळी परवानगी घेऊन दिव्याचं चित्रीकरण करा, जास्तीत जास्त झूम, एक्स्पोजर कुलूपबंद. घरी येऊन प्रत्येक फ्रेममधल्या दिव्याची उजळता वाचा आणि सरासरीपासूनच्या तिच्या चढउतारांच्या वर्गांची सरासरी काढून ती सरासरी उजळतेच्या वर्गाने भागा. हा झाला लुकलुकण्याचा निर्देशांक. दिवा एकदा पाण्यापासून हातभर उंचीवर ठेवा, एकदा डोक्याच्या उंचीवर. दर वेळी हवेचं आणि पाण्याचं तापमान लिहून ठेवा, आणि नंतर आलेखाच्या आडव्या अक्षावर त्या दोहोंचा फरक घ्या. फोन हलला तर सगळी मोजणी फुकट जाते, तेव्हा तिवईला दगड बांधा आणि बटण ब्लूटूथने दाबा.